हाफकिन : लस, पुरावा आणि एका बाटलीचा अभियोग

आपल्या शालेय वाचनमालांतून शास्त्रज्ञांची जी चरित्रे येतात, ती बहुधा एका शोधापाशी येऊन थांबतात. दारिद्र्य, चिकाटी, अकस्मात गवसलेले सत्य आणि अखेरीस सन्मान, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. ज्या शास्त्रज्ञाचे सारे कर्तृत्व सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेत घडले, त्याचे चरित्र या साच्यात बसत नाही. त्याचा शोध प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडला म्हणजे त्याची खरी परीक्षा सुरू होते. औषध बाटलीत भरले जाते, आगगाडीने दूरच्या खेड्यात पोचते, कोणा तिसऱ्याच्याच हाताने उघडले जाते आणि ज्याचा सरकारवर विश्वास नाही अशा माणसाच्या दंडात टोचले जाते. या साखळीतील प्रत्येक दुव्यावर त्या शास्त्रज्ञाची कीर्ती टांगलेली असते. वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मुंबईतील परळची संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु त्या नावामागील वृत्तान्त शिकलेल्या मंडळींपैकीही फार थोड्यांस ठाऊक असतो, असा आमचा अनुभव आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये, त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास करीत असता त्यांना इल्या मेच्निकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. पदवी मिळाली, विद्वत्ता सिद्ध झाली. तथापि ज्यू माणसास त्या राज्यात अध्यापकाचे पद मिळणे दुरापास्त होते. धर्मांतर केले असते तर वाट मोकळी होती. ती त्यांनी पत्करली नाही. १८८८ मध्ये ते जिनिव्हास गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेच्निकॉव्ह तेथे आधीच पोचले होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन यांनी ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा स्वीकारली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेचे मेज धरले.

त्या वेळी पटकीने युरोपास पुन्हा ग्रासले होते. स्पेनमध्ये फेरान यांनी १८८५ मध्येच पटकीची लस टोचून पाहिली होती. परंतु त्यांच्या पद्धतीविषयी व आकड्यांविषयी विद्वानांचे समाधान झाले नव्हते. हाफकिन यांनी पाश्चरप्रणीत मार्गानेच, पण अधिक नियमबद्ध रीतीने काम केले. जंतूंचा एक वाण त्यांनी उष्णतेने व हवेच्या झोताने दुर्बल केला आणि दुसरा गिनिपिगांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन प्रखर केला. आधी दुर्बल, मग काही दिवसांनी प्रखर, अशी दोन वेळा टोचण्याची त्यांची रीत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, आणि सर्व उतरले. पुढे भारताचे माजी व्हाइसरॉय आणि त्या वेळचे पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डफरिन यांच्या साहाय्याने १८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यास उतरले.

भारतातील पहिल्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी आग्र्यापासून आसामच्या मळ्यांपर्यंत सुमारे चाळीस हजार लोकांस पटकीची लस टोचली. कलकत्त्याच्या काटालबागान वस्तीतील १८९४ मधील अनुभव प्रसिद्ध आहे. सुमारे दोनशे वस्तीपैकी ११६ जणांनी टोचून घेतले होते आणि त्यानंतर तेथे जे पटकीचे रोगी झाले ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. हाफकिन यांची दृष्टी येथे दिसते. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणारे टोचलेले व न टोचलेले लोक शेजारी शेजारी राहत असतील, तरच लशीचा गुण कळेल, हे त्यांनी पुरते ओळखले होते. या फिरतीत हिवतापाने ते जर्जर झाले आणि १८९५ मध्ये त्यांना परत जावे लागले. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले, आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग प्रकटला.

मांडवी भागातील तापाचे रोगी तपासून हा गाठीचा प्लेगच होय, असे १८९६ च्या सप्टेंबरात ठामपणे सांगणारे डॉक्टर अकासिओ गाब्रियेल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे, हे आमच्या गोमंतकीय वाचकांना सांगावयास नको. निदान झाले, परंतु उपाय कोणापाशी नव्हता. रोगाचा जंतू येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे शोधून काढला होता. तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसास गाठतो, हे सर्वमान्य होण्यास आणखी दहा वर्षे लागावयाची होती. सरकारने १८९७ च्या आरंभी साथरोगांचा कायदा केला. घरे तपासणे, रोगी उचलून नेणे, कुटुंबे छावण्यांत ठेवणे असे उपाय सुरू झाले. पुण्यात या उपायांनी लोकांच्या मनाचा किती दाह झाला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबांवर गोळी कशी झाडली गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

अशा या भयग्रस्त काळात, १८९६ च्या ऑक्टोबरात, हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व तिच्या लगतची ओसरी देण्यात आली. हाताशी एक कारकून व तीन शिपाई. येथे तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली.

ती कशी केली हे थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल, कारण पुढील अनर्थाचे मर्म या कृतीतच आहे. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागे. गोमांस वा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदू आणि मुसलमान दोघांनीही लस झिडकारली असती. म्हणून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा रस घेतला. मोठ्या चंबूत हा रस भरून त्यावर थोडे तूप किंवा खोबरेल तरंगत ठेवावयाचे. प्लेगचे जंतू या स्निग्ध थराच्या खालच्या अंगास चिकटून वाढतात आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे पांढुरके तंतू रसात खाली उतरू लागतात. चंबू हलविला की ते तुटून तळाशी बसतात आणि नवे तंतू सुटू लागतात. असे सुमारे सहा आठवडे चालले म्हणजे रस जंतूंनी व त्यांच्या विषाने दाट होई. मग तो सुमारे ६५ अंश उष्णतेवर तासभर ठेवून जंतू मारावयाचे आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक अॅसिड घालावयाचे. हे अॅसिड म्हणजे लशीचा पहारेकरी. बाहेरचा एखादा जंतू चुकून आत आलाच, तर त्यास ते वाढू देत नसे. लस तयार करण्यात तुपाचा असा उपयोग ज्याला सुचला, तो माणूस या देशास परका असला तरी या देशाच्या स्वयंपाकघरात डोकावलेला होता, असे आम्हांस वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या मात्रेहून बरीच मोठी, दहा घन सेंटिमीटर, मात्रा स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वखुशीने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यानंतर न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ मेले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले व दोघेही वाचले. कैद्याची ‘स्वखुशी’ कितपत खुशी म्हणावी, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येईल आणि तो आलाच पाहिजे. परंतु ज्या काळी घराघरांत शिपाई घुसवून उपाय चालले होते, त्या काळी हाफकिन यांनी बळजबरीने टोचण्यास सतत विरोध केला, हेही विसरून चालणार नाही. लोकांनी पाहावे आणि मग यावे, ही त्यांची रीत होती. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि १८९८ मध्ये प्रयोगशाळेस आपला बंगला वापरावयास दिला. एका माणसाच्या उघड्या दंडाने जे साधले, ते कायद्याच्या कलमांनी साधले नव्हते.

पुराव्याविषयी हाफकिन किती काटेकोर होते, हे दमण आणि उंडेरा या दोन ठिकाणांच्या तुलनेने स्पष्ट होते. गोव्याच्या पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे १८९७ मध्ये २,१९७ लोकांनी टोचून घेतले आणि ६,०३३ लोकांनी घेतले नाही. पहिल्यांपैकी ३६ मेले, दुसऱ्यांपैकी १,४८२. म्हणजे शेकडा दीडपावणेदोन, आणि शेकडा सुमारे साडेचोवीस. आकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु चिकित्सक म्हणेल की, टोचून घेण्यास जे पुढे आले ते कदाचित अधिक सुस्थितीतील, अधिक स्वच्छ घरांत राहणारे, वेळीच गाव सोडून जाऊ शकणारे असतील. मग गुण लशीचा की परिस्थितीचा? या शंकेस दमणच्या आकड्यांत उत्तर नाही.

ते उत्तर बडोद्याजवळील उंडेरा या खेड्यात मिळाले. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग सुरू झालेला असता हाफकिन यांनी सारे गाव कुटुंबवार बोलाविले आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली. स्त्री-पुरुष, लहान-थोर, सशक्त-अशक्त यांची वाटणी शक्य तितकी सारखी ठेवली. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत न टोचलेली माणसे ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली. टोचलेली ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ मेली. त्रैराशिक मांडले तर न टोचलेल्यांच्या प्रमाणाने या ७१ पैकी सुमारे २९ जण दगावावयाचे. प्रत्यक्षात तीन दगावले. तुलना न्याय्य असेल तर लहान आकडाही मोठ्या आकड्याहून अधिक सांगतो, हे विद्यार्थ्यांस शिकविण्यास याहून उत्तम उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पण या त्रैराशिकाची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकास लस द्यावयाची आणि दुसऱ्यास द्यावयाची नाही, हे कोणत्या न्यायाने? ते सव्वीस जण मेले म्हणून आपणांस ज्ञान मिळाले, हे नाकारता येत नाही. हाफकिन यांच्या बाजूने इतकेच म्हणता येते की, लशीचा गुण तेव्हा अनेकांच्या मते असिद्ध होता. सरकारने नेमलेला प्लेग आयोग त्यांच्या आकड्यांची कठोर छाननी करीत होता, आणि पुरावा लंगडा राहिला असता तर लक्षावधी लोकांपर्यंत लस पोचलीच नसती. आज अशा प्रयोगांस नियम व संमतिपत्रे यांची बंधने आहेत. ती याच अस्वस्थतेतून आली आहेत, आणि ती असावीत हेच योग्य.

लशीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिने ताप येई, दंड सुजे. संरक्षण काही महिनेच टिके आणि तेही पूर्ण नसे. तथापि त्या काळी दुसरे साधनच नव्हते. हुबळीत १८९८ मध्ये तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले. धारवाड-गदगकडेही लस गेली. मागणी इतकी वाढली की बंगले पुरेनात. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. एका गव्हर्नरच्या पत्नीचा या वास्तूत पटकीने मृत्यू झाल्यावर गव्हर्नरांनी ती सोडली होती. जेथून पटकीने राज्यकर्त्यांस घालविले, तेथे पटकीच्या लशीचा जनक संचालक म्हणून येऊन बसला.

यापुढील प्रकरण दुःखद आहे. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि तेथील सरकारने लशीची प्रचंड मागणी केली. ती पुरविण्यासाठी हाफकिन यांनी कृतीत फेरफार केला. उष्णतेने निर्जंतुक केलेली लस स्वतः शुद्धच असते, या विचाराने त्यांनी कार्बोलिक अॅसिड वगळले. पाश्चर संस्थेच्या रीतीस हे धरून होते. १९ सप्टेंबर रोजी परळ येथे ‘५३-एन’ या खुणेची एक बाटली भरण्यात आली. ती ४१ दिवसांनी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या मलकवाल या गावी उघडण्यात आली. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. आणखी बाटल्यांतील लस घेतलेल्यांस काही झाले नाही. ‘५३-एन’मधील लस ज्या १९ जणांना मिळाली, ते सर्वच्या सर्व धनुर्वाताने मेले.

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. तेव्हा प्रश्न एकच उरला: तो बाटलीत परळ येथे शिरला की मलकवाल येथे? सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच, दूषित झाली होती, असा समितीचा निर्णय झाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

परंतु याच चौकशीत आलेली साक्ष निराळे सांगत होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो उकळून वा जाळून शुद्ध न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला होता. टोचणाऱ्या डॉक्टराने बाटली उघडताच हुंगून पाहिली होती. तिला दुर्गंधी नव्हती. एकेचाळीस दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर तो रस घाण मारल्यावाचून राहिला नसता. ज्या मातीवर चिमटा पडला ती मातीच दोषी असण्याचा संभव अधिक, हे एवढ्यावरून कोणाही विचारी माणसास दिसावे. परंतु निकाल लागला होता, आणि चौकशीचे कागद तर कित्येक वर्षे लोकांसमोर आलेच नाहीत.

ते आल्यावर शास्त्रज्ञांनी प्रकरण हाती घेतले. सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहणारे रोनल्ड रॉस त्यांत अग्रेसर होते. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस, सायमन फ्लेक्सनर आदी दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र छापून आले. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट तो खोटा ठरतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. फ्रान्समध्ये ज्यू अधिकारी ड्रेफस यांस १९०६ मध्येच निर्दोष ठरविण्यात आले होते. अनेकांना त्या प्रकरणाची आठवण झाली. १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

हा न्याय पुरा नव्हता. परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. पण माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मुभा नव्हती. ज्याने हजारोंना टोचले, त्याच्या हातून सुई काढून घेतली गेली. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त झाले, फ्रान्समध्ये राहिले, धर्मचिंतनात रमले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी ठेवली. तत्पूर्वी १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर मुंबईहून सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. पिसवांचा निर्णायक पुरावाही त्याच वास्तूत १९०५ नंतर सिद्ध झाला. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या वृत्तान्तातून शिक्षकांनी काय घ्यावे? हाफकिन निर्दोष होते म्हणून त्यांच्या निर्णयांत काही चूक नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. कार्बोलिक अॅसिड वगळले नसते, तर चिमट्याबरोबर आलेली मातीही कदाचित निष्प्रभ ठरली असती. घाईच्या प्रसंगी पहारेकरी उठविणे धोक्याचे असते. पण जो निर्णय चर्चेचा विषय व्हावा, त्याचे रूपांतर गुन्ह्यात झाले, आणि जी साक्ष केंद्रस्थानी यावयाची ती कडेला पडली. शिवाय मलकवालच्या त्या साहाय्यकावरही सारा राग काढणे न्यायाचे नाही. तातडीच्या मोहिमेत, खेड्यातल्या उघड्या जागी, पुरेशा शिक्षणावाचून त्यास उभे केले होते. प्रयोगशाळेची शुद्धता परळच्या भिंतींपाशी संपत नाही, ती शेवटच्या हातापर्यंत पोचवावी लागते, हा धडा त्या एकोणीस जणांच्या मृत्यूने दिला आहे. त्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. उंडेऱ्याच्या सव्वीस जणांचीही नाहीत.

आमची सूचना साधी आहे. विज्ञानाच्या तासाला लशीची कृती, गणिताच्या तासाला दमण व उंडेऱ्याचे आकडे आणि भाषेच्या तासाला चौकशी समितीपुढील साक्षींचा विचार, असे एकच प्रकरण तीन तासांत वाटून शिकवावे. दहावीच्या मुलांस न्यायाधीश करून ‘बाटली कोठे दूषित झाली?’ हा प्रश्न द्यावा, आणि प्रत्येकाने आपल्या निर्णयाखाली पुरावा लिहावा असा दंडक घालावा. आपल्या प्रांतात प्लेगच्या वेळी गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. मुलांनी त्या घरी विचारून टिपून आणल्या, तर परळच्या खोलीत तुपाखाली लोंबणारे ते पांढरे तंतू आणि आपल्या पणजोबांची माळावरची झोपडी यांचा संबंध त्यांच्या ध्यानी आपोआप येईल.